पावसाचे आकडे आणि दोन उत्तरे : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

विलेपार्ले पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक साधा पर्जन्यमापक आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजतात, वहीत लिहितात आणि रात्री तो आकडा एक्सेलमध्ये भरतात. पावसाचे पाणी साठवण्यासाठी किती लिटरची टाकी बांधावी हा प्रश्न दिवाळीपूर्वीच्या समितीच्या बैठकीत येणार असल्याने या हंगामाच्या आकड्यांचा सांख्यिकी गोषवारा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काकांच्या शीटमध्ये सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि पंच्याण्णवावा शततमक (ज्याच्या खाली पंच्याण्णव टक्के दिवस येतात तो आकडा) हे सगळे आधीच आहे, परंतु समितीपुढे ठेवण्यापूर्वी ते दुसऱ्या साधनाने तपासलेले असावे म्हणून मी पायथन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिल्याच चालवणीत एकही आकडा जुळला नाही. १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांची काकांची बेरीज २४७८.० मिमी आहे, तर माझी २४४१.७ मिमी. प्रमाण विचलन, विषमता (आकडे एका बाजूला किती झुकलेले आहेत याचे माप), शततमक यांतही फरक आहे, पण जिथे साधी बेरीजच जुळत नाही तिथे पुढच्या आकड्यांकडे पाहण्यात अर्थ नाही. प्रोग्रॅमने वाचलेल्या ओळी मोजल्या. त्या बरोबर १२२ भरल्या. ओळी तेवढ्याच आणि बेरीज वेगळी, म्हणजे दोघांनी सारखेच दिवस घेतले आहेत हे माझे गृहीतकच तपासायला हवे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बेरजेतला बहुतेक फरक तारखांमुळे निघाला.

मला पाठवण्यासाठी काकांनी नोंदी एका नव्या शीटवर नुसत्या ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवल्या होत्या. त्यामुळे तारखांच्या जागी ४५४४४, ४५४४५ असे आकडे दिसू लागले, आणि संगणकाला तसेच लागत असेल असे समजून त्यांनी ते तसेच ठेवले. हे समजणे चुकीचेही नव्हते, कारण एक्सेल आतमध्ये तारीख अशाच क्रमांकाच्या रूपात ठेवते. चूक माझी झाली. क्रमांकावरून तारीख काढताना मी १ जानेवारी १९०० ही तारीख शून्य धरून त्यात तेवढे दिवस मिळवले, आणि ४५४४४ ची ३ जून २०२४ झाली. ती १ जून असायला हवी होती.

दोन दिवसांच्या या फरकाची कारणेही दोन आहेत. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० चा क्रमांक शून्य नसून एक आहे, हा झाला एक दिवस. दुसरा दिवस न घडलेल्या तारखेचा आहे : १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी त्या काळी प्रचलित असलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमशी फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख अस्तित्वात असल्याचे मानले, आणि ते अजून तसेच चालू आहे. म्हणून फेब्रुवारी १९०० नंतरच्या तारखांसाठी आरंभबिंदू ३० डिसेंबर १८९९ धरावा लागतो. मॅकवरच्या जुन्या फायलींत १९०४ ची पद्धत असते आणि तिथे हाच फरक १४६२ दिवसांचा होतो. काकांची फाइल त्यातली नाही, हे पाहून घेतले.

ओळी १२२ च का भरल्या याचाही उलगडा झाला. काका मे महिन्याच्या मध्यापासून नोंदी ठेवतात. तारखा दोन दिवस पुढे सरकल्यामुळे माझ्या ‘१ जून ते ३० सप्टेंबर’मध्ये प्रत्यक्षात ३० मे ते २८ सप्टेंबर एवढे दिवस आले, म्हणजे सुरुवातीचे दोन घुसले आणि शेवटचे दोन गळाले. मेच्या दोन दिवसांचा पाऊस ४.२ मिमी आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांचा ४०.९ मिमी होता, त्यामुळे बेरीज ३६.७ मिमीने कमी भरली. नोंदी १ जूनपासूनच असत्या तर ओळी १२० भरल्या असत्या आणि चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

तारखांचा विषय निघाला म्हणून काकांना एक गोष्ट विचारून घेतली : सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस ते कोणत्या तारखेला लिहितात? हवामान खात्याच्या प्रथेनुसार तो मोजणीच्या दिवशी लिहिला जातो, म्हणजे आदल्या सकाळी साडेआठपासूनचे चोवीस तास आजच्या तारखेवर पडतात. २६ जुलै २००५ चा म्हणून सगळ्यांच्या लक्षात असलेला सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडाही २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. (त्याच काळात कुलाब्याला पाऊणशे मिमीही पाऊस नव्हता. पार्ल्यात राहणाऱ्याला स्वतःचा पर्जन्यमापक का हवासा वाटतो, याचे उत्तर त्यात आहे.) काका हीच प्रथा पाळतात, त्यामुळे या बाबतीत काही बदलायचे नाही.

आरंभबिंदू दुरुस्त केल्यावर माझी बेरीज २४७८.४ मिमी झाली. फरक आता ०.४ मिमीचा उरला आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हंगामाच्या बेरजेत ०.४ मिमी म्हणजे काहीच नाही आणि तो सोडून द्यायचा मोह झाला होता. परंतु दोन्ही साधने तेच आकडे वाचत असतील तर बेरजेत पहिल्या दशांशाचाही फरक पडायला नको.

काकांनी नव्या शीटवर पावसाचा स्तंभ नीटनेटका दिसावा म्हणून एका दशांशावर आणला होता. त्या शीटची मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराची) फाइल केली, आणि एक्सेल सीएसव्ही करताना सेलमध्ये साठवलेली किंमत लिहीत नाही, पडद्यावर जशी दिसते तशी लिहिते. जुलैमध्ये माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीवर दुसरा पर्जन्यमापक ठेवला होता आणि काही आठवडे काकांनी दोन्हींची सरासरी नोंदवली. जिथे त्या दोन मोजण्यांची बेरीज दशांशात विषम आली, तिथे सरासरी १२.३५ सारखी झाली. असे दिवस आठ आहेत. एक्सेलने दाखवताना १२.३५ चे १२.४ केले आणि प्रत्येक वेळी वरच्याच बाजूला झुकवले, म्हणून आठ वेळा ०.०५ जमून ०.४ झाले.

यापुढे सीएसव्ही नको; मूळ फाइलच थेट वाचायची. तसे केल्यावर दोन्ही बेरजा २४७८.० झाल्या, आणि आता प्रमाण विचलनाकडे वळता येईल.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शीट आणि लॅपटॉप घेऊन काकांकडे बसले. काकांच्या शीटमध्ये प्रमाण विचलन ३१.४८६२ आहे आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये ३१.३५२५. एक्सेलच्या सूत्रात काहीतरी गडबड असणार, असे मी जाताजाता म्हणून गेले. काकांनी विचारले, “तुझ्या यंत्राचे एकच उत्तर येते का, ते आधी सांग.”

ते विचारायलाच हवे होते. मी त्याच स्तंभावर पायथनच्या पांडाज या लायब्ररीतले प्रमाण विचलनाचे फंक्शन ‘एसटीडी’ चालवले, तर उत्तर ३१.४८६२ आले, म्हणजे हुबेहूब काकांचे. प्रोग्रॅममध्ये मात्र मी तोच स्तंभ आधी नमपाय या दुसऱ्या लायब्ररीच्या ॲरेत (आकड्यांच्या यादीत) बदलून मग तिचे ‘नॅनएसटीडी’ वापरले होते. एकाच भाषेतल्या, रोज एकत्र वापरल्या जाणाऱ्या या दोन लायब्ररींच्या मूळ नेमणुका वेगवेगळ्या आहेत : प्रमाण विचलन काढताना नमपाय न सांगता एकूण संख्येने भागते, पांडाज न सांगता एकूण संख्येतून एक वजा करून भागते. भागण्यापूर्वी किती वजा करायचे हे सांगणारा ‘डीडॉफ’ नावाचा पर्याय दोन्हींकडे आहे. नमपायमध्ये तो मुळात शून्य असतो आणि पांडाजमध्ये एक. एक्सेलने हे दोन मार्ग दोन फंक्शनांत वाटले आहेत. ‘एसटीडीईव्ही.एस’ आणि जुने ‘एसटीडीईव्ही’ एक वजा करतात, ‘एसटीडीईव्ही.पी’ करत नाही. आणखी गंमत म्हणजे सहविचरण (दोन मालिका एकत्र कशा बदलतात याचे माप) काढणारे नमपायचे ‘कोव्ह’ हे फंक्शन मात्र न सांगता एक वजा करते, त्यामुळे त्याच लायब्ररीतल्या, विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढणाऱ्या ‘व्हार’शी त्याचे जुळत नाही. एक्सेलच्या जुन्या ‘कोव्हार’चे याच्या नेमके उलटे आहे; ते एक वजा करत नाही. सहविचरणाला विचरणाने भागून गुणोत्तर काढणाऱ्याने हे पाहून घेतलेले बरे.

काकांना मात्र कोणते फंक्शन काय करते यापेक्षा एक का वजा करायचा याचे उत्तर हवे होते, आणि ते त्यांना कागदावर हवे होते. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही ३, ७, ८, १२, २० हे पाच आकडे घेतले. बेरीज ५०, सरासरी १०. सरासरीपासूनची अंतरे उणे ७, उणे ३, उणे २, २ आणि १०. त्यांचे वर्ग ४९, ९, ४, ४ आणि १००, एकूण १६६. पाचाने भागले तर ३३.२ आणि त्याचे वर्गमूळ ५.७६१९, चाराने भागले तर ४१.५ आणि त्याचे वर्गमूळ ६.४४२०. पाच आकड्यांत एवढा मोठा फरक पाहून काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग मी त्यांना अंतरांची ओळ पुन्हा पाहायला सांगितली. सरासरी याच आकड्यांवरून काढलेली असल्याने अंतरांची बेरीज शून्यच येणार. पहिली चार कळली की पाचवे आपोआप ठरते. काका म्हणाले, “म्हणजे ताळा जुळवायला बसवलेला शेवटचा आकडा. तो नवीन काही सांगत नाही.” मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते. आकड्यांची अंतरे त्यांच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजली की वर्गांची बेरीज नेहमीच थोडी कमी भरते, आणि एक वजा करून भागल्याने ती तूट विचरणात भरून निघते.

पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. “आपण तर हंगामातले सगळे दिवस मोजले. मग हा नमुना कसा?” प्रश्न रास्त आहे. २०२४ चा पाऊस कसा पडला एवढेच सांगायचे असेल तर हे १२२ दिवस म्हणजेच संपूर्ण समष्टी, आणि एक वजा करण्याचे कारण नाही. टाकी मात्र पुढच्या वर्षांसाठी बांधायची आहे आणि त्या दृष्टीने हा हंगाम अनेक संभाव्य हंगामांतला एक नमुना आहे. एका हंगामातले लागोपाठचे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा नमुना फार चांगला आहे असेही नाही. तरीही आमच्या कामासाठी काकांचे सूत्र योग्य आणि माझे अयोग्य, असे ठरले. प्रोग्रॅममध्ये आता ‘डीडॉफ’ नेहमी स्पष्टपणे लिहायचा, मग मूळ नेमणूक तीच असली तरी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

कालचे प्रकरण मिटले असे वाटत असताना एक हिशेब सहज करून पाहिला आणि नवेच काही हाती लागले.

दोन प्रमाण विचलनांत फक्त भाजकाचा फरक असेल तर त्यांचा भागाकार आकड्यांच्या मूल्यांवर अवलंबून राहत नाही. तो केवळ आकडे किती आहेत यावर ठरतो. वर्गांची बेरीज दोन्हीकडे तीच असल्याने ती निघून जाते आणि एकूण संख्येला तिच्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने भागले की जे येते, त्याचे वर्गमूळ तेवढे उरते. १२२ दिवसांसाठी हे गुणोत्तर १.००४१२४ यायला हवे. ३१.४८६२ ला ३१.३५२५ ने भागले, तर १.००४२६४ आले.

चौथ्या दशांशातला हा फरक गोलाईचा नाही. गणित उलटे केले, म्हणजे गुणोत्तराचा वर्ग घेऊन त्याला त्या वर्गातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने भागले, तर उत्तर ११८ आले, ११८.० म्हणावे इतके नेमके. म्हणजे दोन्ही साधनांनी १२२ नव्हे, ११८ आकड्यांवर काम केले आहे, आणि दोघांनीही तेच चार दिवस वगळले आहेत. ते दोघे एकमेकांशी सहमत असल्यामुळे ही गोष्ट वजाबाकीत कधीच दिसली नसती.

चार दिवस सापडायला मग वेळ लागला नाही. तीन सेलमध्ये आकड्याऐवजी ‘अल्प’ असा शब्द आहे आणि १४ ऑगस्टचा सेल रिकामा आहे. एक्सेलची ‘ॲव्हरेज’ आणि ‘एसटीडीईव्ही.एस’ ही फंक्शने रेंजमधला मजकूर आणि रिकामे सेल न बोलता सोडून देतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये मजकुराचा आकडा होत नसेल तर तिथे ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) भरण्याची सोय मीच केली होती, आणि ‘नॅनएसटीडी’ने ते ‘नॅन’ तितक्याच शांतपणे सोडून दिले. चूक लपवण्याची व्यवस्था दोन्हीकडे होती. एक्सेलची ती सवय आहे आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये ती मी स्वतःच्या हाताने बसवलेली आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काकांची कागदी वही पाहिली. निळ्या शाईत तारीख आणि मिमी, शेवटच्या रकान्यात शेरा. ‘अल्प’ लिहिलेल्या तिन्ही दिवशी पर्जन्यमापकाच्या तळाला ओल होती, पण मोजपात्रात ०.१ मिमीसुद्धा भरत नव्हता. पाऊस मोजलाच नाही असे हे दिवस नाहीत. पाऊस जवळजवळ शून्य होता असे ते आहेत, आणि हिशेबात ते शून्य म्हणूनच यायला हवेत. १४ ऑगस्टची गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी काका लग्नासाठी नाशिकला होते. १५ तारखेच्या ३८.५ मिमीपुढे वहीत ‘दोन दिवसांचा’ असा शेरा आहे, जो शीटमध्ये उतरला नाही.

दिसायला सारखे असलेले हे चार रिकामे दिवस प्रत्यक्षात दोन प्रकारचे असल्याने उपायही दोन केले. ‘अल्प’च्या जागी शून्य भरले. १४ ऑगस्टला शून्य भरणे मात्र खोटे ठरेल, कारण त्या दिवशी पाऊस नव्हता असे कोणीच म्हणत नाही. म्हणून १४ आणि १५ हे दोन्ही दिवस दैनिक विचलन आणि शततमकातून वगळले, परंतु हंगामाच्या बेरजेत ३८.५ मिमी कायम ठेवले. दैनिक आकडेवारी आता १२० दिवसांवर आणि बेरीज पूर्ण १२२ दिवसांवर आहे.

याचा पैशांत आणि पाण्यात काय फरक पडतो, हे समितीला सांगण्यासाठी काढून ठेवले. शीटमधली दैनिक सरासरी २४७८.० भागिले ११८ म्हणजे २१.०० मिमी होती. काका तिला १२२ ने गुणून हंगामाचे पाणी काढत होते, म्हणजे २५६२ मिमी. प्रत्यक्ष पाऊस २४७८ मिमी आहे आणि खरी सरासरी २०.३१ मिमी. फरक ८४ मिमीचा. आमची गच्ची ४०० चौरस मीटर आहे आणि एका चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा ३३,६०० लिटर असे पाणी हिशेबात आले होते जे आभाळातून पडलेच नव्हते. दहा हजार लिटरचे तीन टँकर आणि वर थोडे.

दुरुस्तीनंतरचे प्रमाण विचलन दोन्हीकडे ३१.३५ आले. इथे एक योगायोग नोंदवून ठेवते. माझ्या प्रोग्रॅमचे पहिले, चुकीचे उत्तर ३१.३५२५ होते, म्हणजे दोन दशांशांपर्यंत तेही ३१.३५ च. भाजक चुकीचा, दिवस चुकीचे, आणि आकडा बरोबर. नंतर कोणी जुना अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून पाहिला तर मधले दोन आठवडे काहीच घडले नाही असे त्याला वाटेल.

२० ऑक्टोबर, रविवार

टाकीच्या आकारासाठी खरा महत्त्वाचा आकडा पंच्याण्णवावा शततमक आहे, आणि सगळ्यात मोठी तफावत तिथेच आहे. काकांची शीट ८८.८३ मिमी सांगते आणि माझा प्रोग्रॅम १०३.७७ मिमी. फरक १४.९४ मिमीचा, म्हणजे आमच्या गच्चीवर ५,९७६ लिटरचा. दोन्हीकडे आता तेच १२० दिवस आहेत, तेच आकडे आहेत आणि भाजकाचा येथे प्रश्नच नाही.

शततमक दोन आकड्यांच्या मध्ये पडतो तेव्हा नेमके कुठे थांबायचे याचे एकमत नाही. हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये सांख्यिकी पॅकेजांत वापरल्या जाणाऱ्या अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्या. एक्सेलचे ‘पर्सेंटाइल’ आणि ‘पर्सेंटाइल.आयएनसी’, नमपायचे ‘पर्सेंटाइल’ आणि आर या सांख्यिकी भाषेची मूळ नेमणूक या सगळ्यांत त्यांच्या यादीतली सातवी पद्धत आहे. ‘पर्सेंटाइल.ईएक्ससी’मध्ये सहावी आहे. आणि मी नमपायऐवजी पायथनच्या स्वतःच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ या मॉड्यूलमधले ‘क्वांटाइल्स’ वापरले होते, ज्याची मूळ नेमणूकही सहावीच आहे. कागदावरच्या पाच आकड्यांत हे स्वच्छ दिसते : पंचाहत्तरावा शततमक सातव्या पद्धतीने १२ येतो आणि सहाव्या पद्धतीने १६.

आमच्या मालिकेत काय झाले ते पाहू. दिवस चढत्या क्रमाने लावले तर सातवी पद्धत ११४.०५ व्या स्थानावर थांबते आणि सहावी ११४.९५ व्या स्थानावर. ११४ वा आकडा ८८.० मिमी आहे आणि ११५ वा १०४.६ मिमी. एक पद्धत या दरीच्या अलीकडच्या काठावर उभी आहे आणि दुसरी पलीकडच्या, आणि दरी १६.६ मिमीची आहे. मुंबईच्या पावसात वरच्या टोकाला अशा दऱ्या नेहमीच असणार, कारण मोठ्या पावसाचे दिवस थोडे असतात आणि ते एकमेकांपासून दूर पडतात.

पद्धत कोणती बरोबर हे ठरवण्यात मी सकाळ घालवली आणि ती सकाळ वाया गेली असे माझे मत आहे. प्रोग्रॅममध्ये सातवी पद्धत स्पष्टपणे नमूद केली, त्यामुळे आकडे आता जुळतात. पण ज्या आकड्याचे उत्तर दोन दिवसांमधल्या मोकळ्या जागेतून येते, तो दोन दशांशांत समितीपुढे ठेवणे मला पटत नाही. त्याऐवजी अहवालात एक साधे वाक्य लिहिले : १२० दिवसांपैकी सहा दिवशी १०४.६ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाला आणि त्यांच्या खालचा सर्वांत मोठा दिवस ८८ मिमीचा होता. हे वाक्य कोणत्याही पद्धतीने बदलत नाही. काकांनाही ते आवडले, मात्र शीटमधला शततमक काढायला ते तयार नाहीत, आणि तो हट्ट मी मान्य केला.

२३ ऑक्टोबर, बुधवार

विषमता : एक्सेल २.३९१४, सायपाय (पायथनची आणखी एक लायब्ररी) २.३६१४. गुणोत्तर १.०१२७०, म्हणजे १२० दिवसांसाठी लहान नमुन्याची दुरुस्ती लावल्यास जे यायला हवे तेच. एक्सेलचे ‘स्क्यू’ ती दुरुस्ती करते, सायपाय सांगितल्याशिवाय करत नाही. ‘बायस’ हा पर्याय बंद केल्यावर उत्तर जुळले. भागाकाराची युक्ती हाती असल्याने याला पाच मिनिटे लागली.

पावसाच्या दिवसांची संख्या मात्र काकांकडे ८४ आणि माझ्याकडे ८२ आली. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिमी किंवा अधिक पाऊस असलेला दिवस पावसाचा दिवस. काका पाऊस पूर्णांकात आणून तीन किंवा अधिक असलेले दिवस मोजतात आणि मी त्यांचेच सूत्र पायथनमध्ये उतरवले होते. नेमके २.५ मिमीचे दोन दिवस आहेत. एक्सेलचे ‘राउंड’ २.५ चे ३ करते. पायथनचे ‘राउंड’ अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते आणि २.५ चे २ करते. पायथनची रीत विनाकारण नाही : दर वेळी वर ढकलल्याने काय होते ते १० तारखेच्या ०.४ मिमीमध्ये आम्ही पाहिलेच आहे. बेरजेसाठी ती रीत चांगली, पण इथे ती व्याख्येच्या आड आली. या वेळी काकांचे उत्तर बरोबर होते आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवले. गोलाई दोन्हीकडून काढून टाकली आणि २.५ शी थेट तुलना ठेवली.

२७ ऑक्टोबर, रविवार

काकांच्या फाइलमध्ये ‘ताळा’ नावाचे नवे शीट केले. त्यात ३, ७, ८, १२, २० हे पाच आकडे, त्यांची हाताने काढलेली उत्तरे आणि शेजारी एक्सेलची सूत्रे आहेत : दोन्ही प्रमाण विचलने, दोन्ही पद्धतींचा पंचाहत्तरावा शततमक आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची विषमता, म्हणजे ०.६५८७ आणि ०.९८१९. माझा प्रोग्रॅम सुरू होताना आधी हेच पाच आकडे सोडवतो आणि उत्तर वेगळे आले तर पुढे जात नाही. शिवाय प्रत्येक सांख्यिकी आकड्याशेजारी तो किती दिवसांवर काढला आहे ती संख्या आता दोन्हीकडे छापली जाते.

पावसाच्या शीटला ‘स्थिती’ नावाचा स्तंभ जोडला. आकड्याच्या सेलमध्ये यापुढे फक्त आकडा. ‘अल्प’, ‘मोजला नाही’, ‘दोन दिवसांचा’ हे सगळे स्थितीत. पायथनमध्ये आकडा होत नसलेला सेल आला तर प्रोग्रॅम आता त्याची तारीख सांगून थांबतो.

कागदी वहीतला रकाना बदलायला काकांनी नकार दिला आहे. तिथे ‘अल्प’ आहे त्या जागीच राहणार. शीटमध्ये भरताना शून्य करायचे, ही आठवण त्यांनी पेन्सिलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. अहवाल उद्या समितीच्या सचिवांकडे जाईल.